गडग्यापलीकडचा जप

रत्नागिरी,
आश्विन वद्य षष्ठी

प्रिय विसू,

तू सांगितलेलं शेवटचं औषध मी काल दुपारी घेतलं. ते तुला सांगावं म्हणून आज सकाळी चपला घातल्या, उपरणं खांद्यावर टाकलं आणि अंगणाच्या पायरीवर आठवलं की वैद्य जागेवर नाही. श्रावणातच गेला. परत येऊन बैठकीवर बसलो, ते हे पत्र. टपालखात्याला याचा काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. पण तू तरी कधी उत्तरं देत होतास? प्रश्नच विचारायचास. तेव्हा फारसा फरक पडणार नाही.

आधी तक्रार नोंदवून घे. साध्या तापाने मरणं वैद्याला शोभतं का? निम्म्या गावाचे ताप तू उतरवलेस आणि स्वतःच्या वेळी काय, काढा कडू लागला? तुझ्या चितेपाशी उभा होतो तेव्हा शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही तर सारखे जात होतात वैद्यांकडे. कसलं औषध चालू होतं?"

मी म्हणालो, "पित्ताचं."

तुझ्या चितेसमोर, विसू! तिथेही पित्तच. मान खाली घालून घरी आलो, ती अजून पुरती वर झालेली नाही.

सुरुवातही पित्तापासूनच झाली होती, आठवतं? भाद्रपद सरत आला होता. हस्त नक्षत्र लागायच्या आत तुझ्याकडून काहीतरी घेऊन ठेवावं म्हणून आलो. आपल्याकडचा तो काळ तुला काय सांगायचा! दिवसभर ऊन भाजतं, तिसऱ्या प्रहरी सह्याद्रीकडून ढग चढतात आणि मग आकाशात जे काही सुरू होतं त्याला संस्कृतात सुंदर शब्द आहेत. तू नाडी धरलीस. शेजारी होडीचं काम चाललं होतं, सुतारांच्या हातून एक फळी आपटली. मी काही हललो नाही, असं माझं आजही मत आहे. तू बोटं न उचलता म्हणालास, "सदा, पित्ताची नाडी फळी पडल्यावर उडी मारत नाही."

मी चिडलो. "मला भित्रा म्हणतोस?"

"मी कुठे म्हणालो? हा शब्द तू घरून आणलास."

काय वाईट वाटलं म्हणून सांगू! ढगाची डझनावारी नावं मी शाळेत मुलांकडून घोकून घेतो. विजेची वेगळी. एखाद्याने एक जरी चुकवलं तरी त्याला बाकावर उभं करतो. आणि पूर्वेला काळा ठिपका दिसला रे दिसला की हे गुरुजी माजघरात, पलंगाखाली, कांबळं घेऊन. बाहेर कुणी आलंच तर तुझ्या वहिनीने दारात उभं राहून सांगायचं, "अनुष्ठानाला बसलेत." केवढी सोय आहे बघ. माणसाने शास्त्री असावं. पलंगाखाली शिरला तरी त्याचं अनुष्ठान होतं.

ती सड्यावरची, त्या उघड्या कातळपठारावरची, दुपार तू माझ्याकडून पुनःपुन्हा वदवून घेतलीस. कागदावर मात्र ती कधीच आली नाही. आज येऊ दे.

दिनू तुझ्या वहिनीच्या पाठचा भाऊ. मुंबईत गोदीत कारकून. शेंडी काढलेली, तेल लावून भांग पाडलेला, संध्या सोडलेली आणि इराण्याच्या चहाचं गुणगान करणारा. मला म्हणायचा, "भाऊजी, तुमच्या पळीतले दोन थेंब माझ्यावर शिंपडा, म्हणजे एका माणसाच्या संध्येत दोघांचं भागेल." मी त्याला धर्मभ्रष्ट म्हणायचो आणि त्याने आणलेली बिस्किटं खायचो.

त्या दिवशी आम्ही दोघे माझ्या सासुरवाडीहून परत येत होतो. भाट्याच्या खाडीवरची शेवटची तर, पलीकडे नेणारी होडी, सुटायच्या आत पोचायचं होतं, म्हणून भराभर चाललो होतो. सड्यावर सावली म्हणावी तर आंब्याचं एकच झाड, आणि त्याच्यापासून थोडा खाली जांभ्या दगडांचा कंबरभर गडगा. ढग चढला. चार टपोरे थेंब पडले. दिनू झाडाखाली जाऊन उभा राहिला. आणि मला, विसू, मला लघवीला लागली होती. निघताना सासूबाईंनी ताकाचा आग्रह केला होता आणि आग्रहाला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. मी गडग्यापलीकडे उतरलो, जानवं कानावर घेतलं आणि बसलो.

दिनू ओरडला, "भाऊजी, आटपा लवकर! तर चुकेल!"

"आलोच."

पुढचं मला ऐकू आलं नाही. लोक म्हणतात, वीज आंब्यावर पडली तेव्हा खालच्या वाडीत भांडी वाजली. मला सगळं पांढरं दिसलं आणि मग ओल्या सालीचा जळका वास आला. तेवढंच. उठावं, पलीकडे जावं, हे सुचलं नाही. किती वेळ तसाच बसून होतो कोण जाणे. जानवं कानावर, डोळे समोर लागलेले, दातांवर दात आपटतायत. वाडीतला रामा गुरव आणि दोघे-तिघे धावत वर आले ते आधी दिनूपाशी गेले. मग गडग्यावरून त्यांना मी दिसलो. रामाचे शब्द आजही कानात आहेत: "बगा, बगा! बुवा जपाला बसलेत. कोन आवाज करू नुको!"

मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. दोन शब्द बोललो असतो तर त्याच जागी संपलं असतं. मी गप्प राहिलो. आधी बोलता येईना म्हणून, मग बोलायची लाज वाटली म्हणून, आणि पुढे पुढे, खरं सांगतो, बरं वाटायला लागलं म्हणून.

गोष्ट माझ्या आधी खाडी ओलांडून गावात पोचली. जप करणाऱ्या ब्राह्मणाला देवाने राखलं! देवदिवाळीच्या जत्रेला वाडीच्या देवळातून बोलावणं आलं. रामाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, जपाला बसल्या बामनाची जशी राखन केलीस, तशी आमच्या पोराबाळांची, गुराढोरांची राखन कर रे म्हाराजा!" आणि सगळी वाडी एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" मानाचा नारळ माझ्या हातात. तेव्हापासून दर वर्षी. त्या गाऱ्हाण्याचा उरलेला अर्धा भाग कुणी म्हणत नसे, पण तो हवेतच होता. जपवाल्याला राखलं, शेंडी कापलेल्याला नेलं. आणि दिनूची बहीण बायकांच्या रांगेत हात जोडून उभी. मी नारळ घ्यायचो, विसू. त्याच्या खोबऱ्याची चटणी खायचो.

आता तुझ्या उपचारांविषयी. गावाला तू चूर्णांचा आणि काढ्यांचा वैद्य म्हणून आठवतोस. तू माझं काय केलंस ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून ते तुलाच सांगतो.

पहिल्या दिवशी तू मला चुलीपाशी बसवलंस आणि हातात फुंकणी दिलीस. "काढ्याला निखारा लागतो, जाळ नको. हळू फुंक. श्वास पुरता संपू दे, मगच दुसरा घे."

"मी रोज प्राणायाम करतो. मला श्वास शिकवतोस?"

"रोज करतोस ना? मग पलंगाखाली का करत नाहीस?"

फुंकत बसलो. मनात म्हटलं, याला फुकटचा गडी हवा आहे. ढग नसताना कितीतरी दिवस तू माझ्याकडून चूल फुंकून घेतलीस, आणि एकदा बाहेर गडगडलं तेव्हा फक्त फुंकणी पुढे केलीस. मी फुंकत राहिलो, निखारा विझला नाही. घरी येऊन तुझी चहाडी केली: विसू मला चुलीशी बसवतो! तुझी वहिनी म्हणाली, "फुंकून बरं वाटत असतं तर आम्हा बायकांना कधी काही झालंच नसतं." मी पोट धरून हसलो. ती हसली नव्हती. हे मला काल आठवलं.

मग तुझी ती त्रिफळ्याची टोपली. हिरडा, बेहडा, आवळकाठी, सगळं एकत्र कालवलेलं. डोळे मिटून, हाताने चाचपून वेगळं करायचं. कडाडायला लागलं की तू टोपली पुढ्यात सरकवायचास. "हा सुरकुतलेला कोण? याला कंगोरे आहेत का? हा हलका का लागतो?" मी आकाशातून टोपलीत येऊन पडायचो. एक दिवस लवकर आलो तर काय पाहतो, वैद्यराज स्वतःच्या हाताने निवडलेली त्रिफळा परत एकत्र करतायत! पकडला गेलास तेव्हा लाजलासही नाहीस. म्हणालास, "तुझ्यासाठी मुद्दाम कालवावी लागते."

'भिऊ नकोस' असं तू मला एकदाही म्हणाला नाहीस. बाकी सगळं जग तेच म्हणत होतं. तुला विचारलं तर म्हणालास, "ताप आलेल्याला 'तापू नकोस' म्हणून कुणाचा ताप उतरला आहे?" आणि 'विसर' हेही कधी म्हणाला नाहीस. तू एकच विचारायचास: "आत्ता काय दिसलं?" का दचकलास नाही, कशाला घाबरलास नाही. काय दिसलं. मग मी सांगायचो, पांढरं दिसलं. किंवा, साल जळल्याचा वास आला. तू 'बरं' म्हणायचास आणि थांबायचास. तुझ्या त्या थांबण्याचा मला भयंकर राग यायचा. आपल्या पाठशाळेत कुणी इतकं थांबलं असतं तर त्याला उत्तर येत नाही असं धरलं असतं.

सड्यावर नेलंस तेही मुळ्या काढायच्या निमित्ताने, स्वच्छ उन्हात. पहिल्यांदा नुसतं घाटीच्या तोंडापर्यंत. मी थबकलो तसं तू खाली बसलास, पानाची चंची सोडलीस, म्हणालास, "आज एवढंच." पुढच्या खेपेला थोडं वर. मला वाटलं, तू मला ढकलशील. तू कधी ढकललं नाहीस, आणि मागे वळूही दिलं नाहीस. भीती ओसरेपर्यंत तिथेच बसायचं, सुपारी कातरायची आणि कोण कुणाचा साडू लागतो यावर वाद घालायचा. असं करत मार्गशीर्षात आपण त्या आंब्यापाशी पोचलो.

तिथे तू परत पहिल्यापासून सांगायला लावलंस. मी सांगत सांगत आलो, "मग मी गडग्यापलीकडे गेलो."

"कशाला?"

"जपाला."

"डोक्यावर ढग, पुढे तर चुकायची, आणि तू उतारावर, जिथे पाट ठेवायला जागा नाही तिथे, जपाला?"

तू थांबलास. थांबण्यात तुझा हात कोण धरणार! शेवटी मी सांगितलं. दुसरा कुणी असता तर हसला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझं सांत्वन केलं असतं. तू गडग्याकडे पाहिलंस, आणि अगदी नाडी बघतानाच्या आवाजात विचारलंस, "पुरती झाली होती का?"

आधी मी हसलो. पोटात दुखेपर्यंत. आणि मग, तुला ठाऊक आहे. दिनू गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तपस्व्याला रडता येत नाही. त्या दुपारी तू माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलास आणि गडग्यापाशी आलेल्या गुराख्यांना सांगितलंस, "बुवांना पित्ताने मळमळतंय." हे पित्त तुझं, विसू. निदान याचं पाप माझ्या माथी नको.

मी बरा झालो. म्हणजे, अजूनही कडाडलं की दचकतो. पण आता दचकून हातातलं काम पुढे चालू करतो. पलंगाखाली आता आंबोशीची बरणी राहते.

पण सड्यावरून उतरताना तू म्हणालास, "आता वहिनींना सांग. ही गोष्ट तुझ्या एकट्याची नाही. भाऊ त्यांचा होता."

मी म्हटलं, "तिला काही झालेलं नाही. ती तर रडतसुद्धा नाही."

"त्यांना झोप लागते का?"

"मला काय ठाऊक? मी झोपलेला असतो."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी रस्ता बदलून पुढे चालू लागलो. त्यानंतर दर भेटीत विचारायचास, "सांगितलंस?" आणि मी म्हणायचो, संक्रांत होऊ दे, शिमगा होऊ दे, परीक्षा होऊ दे. पुढे तू विचारणं सोडलंस. का सोडलंस रे? एवढा एक ठपका तुझ्यावर ठेवतो. तुझ्या मुळ्यांसारखं मलाही कुटायचं होतंस.

आणि तिला काही झालेलं नाही म्हणताना मी काय काय पाहत होतो ते ऐक. भगवतीच्या बंदरात आगबोटीचा भोंगा वाजला की तुझ्या वहिनीच्या हातातली वस्तू पडे. तांब्या, पळी, एकदा तर दुधाचं पातेलं. ओठ पांढरे, हात छातीवर. पावसाळाभर बोटी बंद, तेव्हा बरी असायची. हे सगळं मी पाहिलं आणि त्यावर काय केलं? विनोद! "आगबोटीने कधी कुणाला घरात शिरून खाल्लंय का?" पाहुण्यांसमोर म्हणायचो, "आमच्याकडे बोटीचं वेळापत्रक लागत नाही, भांड्यांवरून कळतं." पाहुणे हसायचे. ज्या माणसाला तिने वर्षानुवर्षं पलंगाखाली झाकून ठेवलं, तो हे म्हणत होता. ती एकदाही उलटून बोलली नाही की अहो, अनुष्ठान कसं चाललंय तुमचं. हे लिहितानाही कान तापलेत.

आता काल.

पडवीत बसलो होतो. ती दिवाळीच्या पोह्यांसाठी भात पाखडत होती. पूर्वेला ढग आलेला होता, मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे पाहत होता. इतक्यात या मोसमातली पहिली आगबोट आली. भोंगा वाजला. सूप पडलं, भात अंगणभर. माझ्या जिभेवर विनोद आलाच होता; खोटं कशाला सांगू, आलाच होता. तो गिळला आणि, का कोण जाणे, तुझा प्रश्न तोंडून गेला.

"काय दिसलं गं आत्ता?"

तिने असं पाहिलं की जणू मी तिला परक्या नावाने हाक मारली. मग खाली बसली, भात गोळा करायला लागली. मी उठून गेलो नाही. तुझ्यासारखा थांबलो. जमत नाही मला, पण थांबलो.

भात सुपात भरताना, खाली पाहतच, ती म्हणाली, "दिनू उतरतो."

"कुठे?"

"पडावातून. धक्क्यावर. हातात ती पत्र्याची ट्रंक. मला बघून टोपी हलवतो." आणि मग, "त्या वर्षी पहिल्या बोटीने आला होता. दिवाळीला येणार होता तो. मीच लिहिलं, आधी ये, आईला भेटून जा. मी बोलावलं नसतं तर..."

माझ्याकडे या प्रसंगासाठी निदान सात श्लोक आहेत. आत्म्याचे, कर्माचे, वस्त्रांचे. सगळे एकदम दारात येऊन उभे राहिले. मी दार उघडलं नाही. विसू, एवढ्याबद्दल तरी पाठ थोपट.

ती म्हणाली, "बोलावलं मी, ते एक. पण त्यानेही ऐकलं असतं तर! किती वेळा म्हटलं, शेंडी ठेव, निदान सकाळची तरी संध्या कर. तुमच्यासारखा जप करत असता तर देवाने त्यालाही राखलं असतं. रामा गुरव दर वर्षी ओरडून सांगतो तेच ना? त्याच्या नावाने दिवा लावते आणि मनात त्याच्याशी भांडते. गेलेल्या माणसाशी भांडते हो मी."

आणि तेव्हा, गडगडत असताना, भातात बसून, मी तिला सांगितलं. ताकापासून सगळं.

ती हसेल असं मला वाटलं होतं. आपण हसलो होतो ना? ती हसली नाही. हातातली मूठ तशीच धरून बसली.

"म्हणजे जप नव्हता?"

"नव्हता."

"देवाने तुम्हाला राखलं नाही?"

"ताकाने राखलं."

"म्हणजे..." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. "म्हणजे दिनूचं काही चुकलं नव्हतं?"

"काही चुकलं नव्हतं. तो झाडाखाली होता, मी नव्हतो."

"आणि मी बोलावलं ते?"

"बहिणीने भावाला बोलावलं. आणखी काय?"

तिने मूठ उघडली. भात सांडला. आणि ती रडली, विसू, तशी की शेजारणी धावत आल्या. मी त्यांना दारातच थोपवलं. पित्त म्हणालो नाही, अनुष्ठान म्हणालो नाही. म्हणालो, "तिच्या भावासाठी रडतेय. रडू दे." आत येऊन शेजारी बसलो. कडाडत होतं. कडाडू दे म्हटलं.

रडून झाल्यावर मात्र माझी पाळी आली. डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही मला त्याच्यावर रागावू दिलंत. इतकी वर्षं. रोज दिवा लावताना बघत होतात, आणि रागावू दिलंत."

मी मान खाली घातली, आणि या वेळी निदान ज्याच्यासाठी घालायला हवी त्याच्यासाठी घातली.

रात्रीचं जेवण तिने मुकाट्याने वाढलं. आज सकाळी चहा देताना मात्र एकदम म्हणाली, "लहानपणी त्याला ढग फार आवडायचे. छपरावर चढून बसायचा." एवढंच. मग दुपारी, हे पत्र बाजूला ठेवून जेवायला बसलो तेव्हा, आणखी एक गोष्ट निघाली, त्याच्या मुंजीतली, ती मी तुला सांगणार नाही कारण ती माझ्यावर आहे. भोंगा पुन्हा वाजेल तेव्हा सूप पडेल, याची मला खात्री आहे. एका दुपारीत असं काही बरं होत नाही, हे मला तूच शिकवलंस. पण पडलं की विचारायला कुणीतरी पडवीत बसलेलं असेल.

आता वचन देतो, मग तुला सोडतो. हे पत्र सुरू केलं तेव्हा वचन द्यायचं मनात नव्हतं. तुझ्या वहिनीने मघाशी मागितलं.

"देवदिवाळीला वाडीत जाणार?"

"जाणार."

"गाऱ्हाण्यातलं ते काढायला सांगणार?"

"सांगेन रामाला. एका बाजूला घेऊन."

"एका बाजूला नाही. सगळ्यांसमोर. दिनूला सगळ्यांसमोरच पापी केलाय."

मी म्हटलं, "अगं, पण देवळात, देवासमोर, तो शब्द उच्चारायचा कसा?"

ती म्हणाली, "मी बाजूला उभी असेन. आणि संस्कृतात सांगू नका. कुणाला कळणार नाही."

तर विसू, येत्या देवदिवाळीला, गाऱ्हाण्याआधी, भर देवळात, मी कशाला गडग्यापलीकडे गेलो होतो ते सांगीन. मराठीत सांगीन. हसतील ते हसतील. मग दिनूचं नाव घेईन, मोठ्याने, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं असं म्हणेन, आणि 'व्हय म्हाराजा' येईपर्यंत थांबेन.

तुझा,
सदाशिव